त्या चार ओळी खोडू नका

छपरांची कामं काढणारे मालक, त्यांचे आर्किटेक्ट आणि माझे ठेकेदार बांधव यांस,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात माझं एक अंदाजपत्रक परत आलं. जुन्या गोदामाचे, ॲस्बेस्टॉस नावाचे खनिज तंतू घातलेले सिमेंटचे पत्रे उतरवून नवे रंगीत पत्रे चढवायचं काम होतं. एकवीस ओळी होत्या. सतरांपुढे बरोबरच्या खुणा, आणि चार लाल पेनाने आडव्या खोडलेल्या. 'पत्रे भिजवून, बोल्ट सोडवून अख्खे खाली घेणे' खोडलं. 'गाळणीचे मास्क, एकदाच वापरायचे कपडे, हातपाय धुण्याची सोय' खोडलं. 'चालायच्या फळ्या, खाली जाळी, दोर अडकवायला पक्की जागा' खोडलं. 'उतरवलेले पत्रे प्लॅस्टिकमध्ये दुहेरी बांधून ठरलेल्या जागी पोचवणे' हेही खोडलं. समासात बारीक अक्षरात शेरा होता : 'नेहमीप्रमाणे करावे.'

घासाघीस धंद्यात चालतेच, तिचं मला काही वाटत नाही. पण 'नेहमीप्रमाणे' हा शब्द मला लागला. नेहमी काय होतं ते शेरा मारणाऱ्याने बहुधा पाहिलेलं नसतं. मी ते माझ्या हाताने केलेलं आहे. म्हणून हे उत्तर त्या एका मालकाला खासगीत न देता चारचौघांत देतोय.

नेहमी असं होतं. बोल्ट वीस-तीस वर्षांचे, गंजून पत्र्यात बसलेले. पाना लावून फिरवत बसलं तर एकेका बोल्टला पाच-पाच मिनिटं जातात. मग मुकादम खालून ओरडतो, "घाल हातोडा!" बोल्टाभोवती दोन ठोके बसले की पत्रा तडकतो, वरून एक लाथ बसली की खाली जाऊन फुटतो. पिठाचा डबा हातातून पडावा तसा धुरळा उठतो. खालचा हेल्पर तोंडाला रुमाल बांधून तुकडे ओढतो आणि उरलेलं खराट्याने झाडतो, म्हणजे बसलेली धूळ पुन्हा उडवतो. दुपारी त्याच हातांनी जेवतो. संध्याकाळी त्याच शर्टात घरी जातो, आणि दार उघडलं की पोर पायांना बिलगतं.

मी एकोणिसाव्या वर्षी या कामाला लागलो. ज्यांनी शिकवलं त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. मामा ग्राइंडरने पत्रा कापायचे तेव्हा त्यांच्या भुवया, मिशा, कानांवरचे केस पांढरेफटक व्हायचे. 'मामा, म्हातारे झालात' म्हणून आम्ही पोरं हसायचो. मामा आता खरोखरच म्हातारे झालेत आणि एक जिना चढताना मध्ये दोनदा बसतात. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, चाळीस वर्षांपूर्वी काय काम करत होता, कुठे, किती दिवस? मामांकडे सांगायला खूप होतं, दाखवायला एक चिठ्ठीही नव्हती. माझ्या स्वतःच्या छातीच्या फोटोत फुफ्फुसाच्या आवरणावर चुन्याच्या शिंतोड्यांसारखे डाग आहेत. "या डागांनी तुम्हाला त्रास होणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण आत काय गेलंय त्याची ही पावती आहे."

आणि हेही सांगून टाकतो. बारा वर्षं वर चढलो, मग मुकादम झालो, आणि 'घाल हातोडा' असं मीही ओरडलोय. किती वेळा, ते मोजलेलं नाही. तेव्हा हे पत्र वरच्या पायरीवर उभं राहून लिहिलेलं नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार 'आम्हाला माहीत नव्हतं' या वाक्याबद्दल. सिमेंटच्या जुन्या पत्र्यात साधारण दहा ते पंधरा टक्के ॲस्बेस्टॉस असतं. सिमेंट आणि हे तंतू पाण्यात कालवून पातळ थर काढायची रीत ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक यांनी १९०० च्या सुमारास शोधली, आणि स्वस्त, न जळणारं, न गंजणारं छप्पर जगभर पोचलं. त्यानंतर काही वर्षांतच, १९०६ मध्ये, लंडनचे डॉक्टर मॉन्टेग्यू मरे यांनी सरकारी समितीपुढे आपल्या एका रोग्याची हकीकत सांगितली. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात त्याच्या खोलीत दहा जण कामाला होते आणि त्यातला तो एकटाच उरला होता. पुढे तोही गेला. १९२४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलची नेली केरशॉ ही कामगार ३३ व्या वर्षी वारली, आणि तिच्या फुफ्फुसात काय सापडलं ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. १९३१ मध्ये ब्रिटनने धुळीचे नियम केले, पण ते कारखान्यातल्या ठरावीक कामांपुरते. बाहेर उन्हात तेच पत्रे कापणारे आणि बसवणारे त्यात नव्हते. छपरावरचे आम्ही तेव्हा नियमांच्या बाहेरच उभे होतो.

हे तंतू केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक असतात. दिसत नाहीत, खुपत नाहीत, शिंकही येत नाही. श्वासाबरोबर खोल जातात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. फुफ्फुसाचा कर्करोग, फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा, स्वरयंत्राचा आणि अंडाशयाचा कर्करोग, शिवाय फुफ्फुस हळूहळू घट्ट होत जाणं, ज्याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात, हे सगळं त्यातून होतं. ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोग करतात, पत्र्यात वापरतात तो पांढरा प्रकारसुद्धा, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. खेळ आहे तो वेळेचा. मेसोथेलिओमा दिसायला बहुधा तीस-चाळीस वर्षं लागतात. तोवर छप्पर बदललेलं असतं, मालक बदललेला असतो, ठेकेदार धंदा बंद करून गेलेला असतो. वीज अंगावर पडली तर लोक धावत येतात. ही वीज चाळीस वर्षं हवेतच असते, म्हणून कोणी वर बघत नाही.

एक मात्र स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कुठल्या तरी शाळेत घबराट व्हायची. अख्खा, न तडकलेला पत्रा डोक्यावर आहे म्हणून खाली बसणाऱ्याने पळून जायचं कारण नाही. सिमेंटने तंतू धरून ठेवलेले असतात. तो फोडला, कापला, त्याला भोक पाडलं, तारेच्या ब्रशने घासलं किंवा जोराच्या पाण्याने धुतलं की ते सुटतात. पावसापाण्याने झिजून वरचा थर भुसभुशीत झाला की आपोआपही सुटू लागतात. 'रंगवण्याआधी छप्पर प्रेशरने स्वच्छ धुऊन घ्या' हा हुकूम म्हणूनच मला सगळ्यांत खुळा वाटतो. त्या पाण्याबरोबर काय खाली येतं, ते पाणी वाळल्यावर कळतं.

दुसरी तक्रार : 'ॲस्बेस्टॉस नाही ना? मग काय घाबरायचं?' हे मी दर महिन्याला ऐकतो. आपल्या भाषेचीही यात थोडी चूक आहे. आपण डांबर म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देतो. एक दगडी कोळशापासून निघतं, दुसरं खनिज तेलापासून. दिसायला दोन्ही काळी, चिकट, वितळणारी. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत कोळशाचं डांबर छपरावर वापरणं पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं. तेलापासूनच्या बिट्युमेनचा ऑक्सिडाइज केलेला प्रकार छपरावर ओतणाऱ्यांचं काम त्याखालच्या गटात, 'बहुधा कर्करोगकारक'. कामावर आलेल्या पिंपात यातलं कोणतं आहे हे मुकादमाला माहीत नसतं, बऱ्याचदा ठेकेदारालाही नसतं. पिंपावर काय लिहिलंय ते विचारण्याचा अधिकार मालकाचा, आणि तो कोणी वापरत नाही.

डांबराच्या भट्टीपाशी उभं राहिलेल्याला सांगायला नको. दोनशे अंशांच्या वर गेलेलं डांबर जितकं जास्त तापवाल तितका धूर जास्त. झाकण लावलं, ताप ठरलेल्या आकड्यावर ठेवला आणि माणूस वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा केला, तर निम्मं काम तिथेच होतं. यातलं एकही महाग नाही. कोळशाचं डांबर कातडीवर बसलेलं असताना ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी जळते. संध्याकाळी अंघोळीचं पाणी अंगावर घेताना पोरं विव्हळतात आणि लोक म्हणतात ऊन लागलं. तापलेल्या भट्टीत पाणी गेलं तर डांबर फसफसून बाहेर उसळतं. आणि अंगावर डांबर उडालंच, तर ते ओरबाडून काढू नका. लगेच भरपूर गार पाणी ओतत राहा आणि तसंच डॉक्टरकडे न्या. ओढलं की कातडी घेऊनच येतं. हे मी पाहिलेलं आहे, आणि ओढणारा मीच होतो.

कौलं आणि काँक्रीटच्या टाइल कोरड्या कापल्या की सिलिकाची, म्हणजे वाळूतल्याच खनिजाची, बारीक धूळ उठते. तीही कर्करोगाच्या त्या पहिल्या गटातलीच. अमेरिकेने २०१६ च्या नियमात आठ तासांच्या सरासरीला एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम अशी हद्द घातली. डोळ्यांना दिसेल इतका ढग उठला की ती हद्द केव्हाच मागे पडलेली असते, मोजायला यंत्र नको. पात्यावर पाण्याची धार सोडली की धूळ जागीच बसते. छपराखाली फवारतात त्या पॉलियुरेथेन फोममधल्या आयसोसायनेट या रसायनाने दमा लागतो, आणि एकदा लागला की पुढे नुसत्या वासानेही उठतो. काचेच्या लोकरीला मात्र उगाच बदनाम करू नये. ती चावते, खाज आणते, डोळ्यांत गेली तर पाणी काढते. पण छपरात घालतात त्या साध्या काचलोकरीला याच संस्थेने २००१ मध्ये संशयितांच्या यादीतून खाली उतरवलं. सगळ्यालाच विष म्हणत सुटलं की खऱ्या विषाकडेही कोणी लक्ष देत नाही.

तिसरी तक्रार पडण्याची. धुळीने माणूस चाळीस वर्षांनी जातो, पत्र्यातून दोन सेकंदांत. आम्हाला शिकवलं होतं, 'बोल्टाच्या रेषेवरून चाल, खाली लोखंड असतं.' मीही पुढच्यांना तेच शिकवलं. हा भरवसा खोटा आहे. रेषेवर पाऊल पडलं तरी तोल गेला की दुसरा पाय बाजूला पडतो, आणि बोल्टाच्या भोकापाशीच पत्रा आधी तडकलेला असतो. एकदा एक पोरगा, कामावर येऊन नववा दिवस, उजेडासाठी मध्ये घातलेल्या फायबरच्या पत्र्यावर उभा राहिला. पूर्वीच्या कोणी तरी सगळ्या छपराला एकाच रंगाचा हात मारला होता. वरून फरक कळण्याची सोयच नव्हती. त्याच्या कमरेला पट्टा होता. नवा, पिवळा, चकचकीत पट्टा. दोराचं टोक त्याच्याच खांद्यावर गुंडाळलेलं होतं, कारण ते अडकवायला त्या छपरावर काहीच नव्हतं. पोरगा वाचला, खाली कापडाच्या गाठी होत्या. कामावर परत आला नाही. त्याचं नऊ दिवसांचं मोजून देताना हिशेबनीस म्हणाला, नववा दिवस अर्धा धरायचा का?

पट्टा दिला म्हणून सुरक्षा दिली असं समजू नका. कागदावर पट्ट्यांचा आकडा बरोबर असतो आणि दोर हवेत लोंबत असतो. आधी विचारायचं ते हे, की वर न चढता, खालून लिफ्टवर उभं राहून हे काम होतं का? होत नसेल तर फळ्या, खाली जाळी, कडेला कठडा, आणि पट्टा सगळ्यांत शेवटी. कमकुवत छपरावरच्या कामासाठी पडण्यापासून बचावाची सोय करावी हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८८ च्या बांधकाम कराराच्या अठराव्या कलमात लिहिलेलं आहे. मी काही नवीन मागत नाही.

चौथी तक्रार घड्याळाची, आणि ती माझ्या मते इतर सगळ्यांच्या मुळाशी आहे. 'चार दिवसांत छप्पर मोकळं करून द्या, उशीर झाला तर दंड' असं कराराच्या शेवटच्या पानावर तुम्ही लिहिता. चार दिवसांत हातोड्यानेच होतं. पान्याने करायचं तर दहा दिवस लागतात. मग तुम्ही मास्क द्या, जाळी द्या, काहीही द्या, त्या पानाने हातोडा आधीच कामगाराच्या हातात दिलेला असतो. दुपारच्या उन्हात धातूचा पत्रा हात टेकवता येऊ नये इतका तापतो. अशा वेळी अंगभर बंद कपडे आणि घट्ट मास्क घालून कोणी सलग आठ तास राबला, तर धुळीआधी उष्माघात त्याला गाठेल. म्हणून तो मास्क गळ्यात ओढतो, आणि साहेब खालून फोटो काढून म्हणतात, 'या लोकांना दिलं तरी वापरत नाहीत.' पहाटे सुरुवात, दुपारी सुट्टी, तासातासाने सावलीत पाणी, आलटून पालटून माणसं, हे वेळापत्रकात बसवल्याशिवाय मास्क नाकावर राहत नाही. रुमालाने तंतू अडत नाहीत, आणि दाढी वाढलेल्या गालावर चांगला मास्कही हवा आत घेतो, हे माणसाला दाखवून सांगावं लागतं. त्यालाही अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस कुठल्या ओळीत लिहायचा तेवढं सांगा.

उतरवलेल्या पत्र्यांचं काय होतं ते एका वाक्यात सांगतो : फुकटचा भराव म्हणून ते आवारातल्या खड्ड्यांत जातात, आणि पुढची कित्येक वर्षं त्यावरून गाड्या धावतात.

ठेकेदार बांधवांनो, मालकाकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. 'तो स्वस्तात करतो म्हणून मलाही करावं लागतं' असं आपण दहाही जण म्हणतो. मग तो कोण? आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या आपल्या माणसांना एक गोष्ट नक्की सांगा. अमेरिकेतल्या ॲस्बेस्टॉस कामगारांच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या ॲस्बेस्टॉसने फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे पाचपट, नुसत्या सिगारेटने दहापट, आणि दोन्ही एकत्र आले तर पन्नासपट दिसला. मला कोणी सांगितलं असतं तर मी पंधरा वर्षं आधी सोडली असती.

मागण्या साध्या आहेत.

कामाचं टेंडर काढण्याआधी जुन्या पत्र्याचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि अहवाल टेंडरला जोडा. तपासायचं नसेल तर तो ॲस्बेस्टॉसच आहे असं धरून चाला. खोडलेल्या त्या चार ओळी दरांच्या स्पर्धेतून बाहेर काढा. त्यांची रक्कम तुम्ही आधीच ठरवा, सगळ्यांना सारखी, आणि झालेल्या कामाप्रमाणे फेडा, म्हणजे त्यात कपात करून कोणी काम पटकावणार नाही. पत्रे उतरवण्याचे दिवस तुमच्या उद्घाटनाच्या तारखेवरून ठरवू नका, बोल्टांच्या संख्येवरून ठरवा. कामाचे कपडे घरी जाता कामा नयेत. १९८६ च्या आंतरराष्ट्रीय ॲस्बेस्टॉस कराराच्या अठराव्या कलमातच तसं आहे. म्हणजे कपडे बदलायची आणि धुण्याची जागा तुमच्या आवारात हवी. ज्याला वर धोका दिसला तो खाली उतरला तर त्याचा रोज कापू नका.

शेवटची मागणी मामांसाठी आहे, म्हणजे पुढच्या मामांसाठी. एक वही ठेवा. कोण, कोणत्या तारखेला, कोणत्या मालावर, किती तास. तिची प्रत कामगाराच्या हातात द्या आणि मूळ वही ४० वर्षं जपा. ॲस्बेस्टॉसच्या कामाच्या नोंदी इतकी वर्षं जपायचा नियम युरोपीय संघात आहे. वहीला खर्च शाईचा. पण उद्या डॉक्टरने विचारलं तर त्या माणसाकडे दाखवायला काही असेल.

ते अंदाजपत्रक मी काल परत पाठवलं. चारही ओळी पुन्हा टाइप केल्या आहेत, आकडे तेच आहेत, आणि वहीची पाचवी ओळ घातली आहे. समासातल्या शेऱ्याखाली मी माझा शेरा लिहिला आहे : 'नेहमीप्रमाणे होणार नाही.' काम दुसऱ्या कोणाला गेलं तर त्याने हे पत्र वाचलेलं असावं, एवढ्यासाठी ते इथे जाहीर केलं.

कळावे,
आपला,
पत्र्याच्या कामातला एक जुना माणूस